वरच्या मजल्याचा धाडधाड आवाज, सीलिंगला फोम लावून थांबेल का?

एकोणिसावा_मजला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितोय. ठाण्यात घोडबंदर रोडला आमचा टूबीएचके आहे, बावीस मजली टॉवर, आम्ही एकोणिसाव्यावर, मिवानचं बांधकाम, म्हणजे भिंतीसुद्धा सगळ्या काँक्रीटच्याच. दिवाळीच्या आधी राहायला आलो. घेताना जो तो म्हणाला वरचा मजला घ्या, रस्त्याचा आवाज पोचत नाही, त्यासाठी फ्लोअर राइजचे जास्तीचे पैसेही मोजले. आणि आता घरात कुणाची धड झोप होत नाही.

त्रास तीन प्रकारचा आहे. वरच्या घरात दोन लहान मुलं आहेत, ती संध्याकाळी सात ते साडेनऊ हॉलपासून बेडरूमपर्यंत पळतात त्याची धाडधाड, मधेच खुर्ची ओढल्याची करकर. ते एक वेळ चालवून घेतलं असतं, मुलं आहेत पळणारच. दुसरा आवाज पहाटेचा. साडेपाचच्या सुमाराला ठक्… मग थोडा वेळ काही नाही, परत ठक्… असं सव्वासहापर्यंत चालतं, बहुतेक वरच्या काकू खलबत्त्यात काहीतरी कुटतात. माझ्या वडिलांची मार्चमध्ये बायपास झाली, वय ७४, रात्री झोप उशिरा लागते आणि पहाटे या आवाजाने दचकून जाग येते, मग ते हॉलमध्ये दिवा न लावता बसून राहतात, मला बघवत नाही. तिसरा आवाज ट्रकचा. रात्री अकरानंतर अवजड गाड्या सुरू होतात आणि खिडक्या बंद करूनही घूंऽऽ असं खोलीत भरून राहतं.

वर जाऊन एकदा बोललो. मी जरा चढ्या आवाजात बोललो हे खरं आहे. काकू म्हणाल्या आम्ही पहाटे काही कुटत नाही, आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटलो तरी कोणी बोलत नाही.

आता एकाने बेडरूमच्या सीलिंगला आणि एका भिंतीला फोमचे पॅनल लावायचं ६२ हजारांचं कोटेशन दिलंय, म्हणतो ८० टक्के आवाज जाईल. दुसरा म्हणतो पीओपीची फॉल्स सीलिंग करा. कोणी करून बघितलंय का? पैसे घालायला हरकत नाही पण वडिलांना झोप लागली पाहिजे.

साईटवरचा_माणूस

दादा, फोमवर एक रुपया घालू नका, आधी हे वाचा. मी बावीस वर्षं साईटवर काढली आहेत, त्यातली शेवटची आठ मिवानच्याच टॉवरवर, त्यामुळे तुम्ही जे सांगताय ते सगळं ओळखीचं आहे.

त्या माणसाकडून फोमचा एक तुकडा मागून घ्या आणि तोंडाला लावून फुंका. हवा पलीकडे जाते ना? जिथून हवा जाते तिथून आवाज पण जातो. फोमचं काम वेगळं असतं, खोलीत निर्माण झालेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि घुमतो, ते घुमणं फोम कमी करतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत म्हणूनच लावतात. पलीकडून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, जड भिंत लागते, आणि फट नसावी लागते. ढोबळ हिशोब असा की भिंतीचं वजन दुप्पट केलं की ५ ते ६ डेसिबल जास्त अडतात. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ९ इंची विटेची भिंत ५० च्या आसपास डेसिबल अडवते, ४ इंची एएसी ब्लॉकची (आत हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत ४० च्या आसपास, कारण तो ब्लॉक वजनाला अगदीच हलका. शेजारचा टीव्ही ऐकू येतो अशी तक्रार असते ती बहुतेक अशा भिंतीची. काँक्रीटची ६ इंची स्लॅब तर याबाबतीत उत्तमच, तुमच्या वरच्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं का? येत नसणार. पावलं ऐकू येतात.

कारण पावलाचा आवाज हवेतून येतच नाही. टाच थेट स्लॅबला ठोका देते, स्लॅब थरथरते आणि तुमच्या बाजूने ती ढोलक्याच्या पानासारखी हवा हलवते. फोन व्हायब्रेटवर ठेवून हातात धरा, जेमतेम ऐकू येईल, तोच फोन स्टीलच्या डब्यावर ठेवा, सगळं घर जागं होईल. फोन तोच, पण डबा त्याला साथ देतोय. मिवानमध्ये अडचण अशी की स्लॅब आणि भिंती एकाच वेळी ओततात, मधे कुठे सांधाच नाही, त्यामुळे एका जागी दिलेला ठोका भिंतींमधून दोन-तीन मजले फिरतो. विटेच्या जुन्या बिल्डिंगमध्ये काँक्रीटला वीट, विटेला चुना असे जोड यायचे आणि थोडा आवाज तिथे मरायचा.

ठोक्याचा आवाज थांबवायची खरी जागा वरच्या फरशीच्या वर आहे, तुमच्या छताखाली नाही. बांधतानाच स्लॅबवर ५ ते १० मिलिमीटरची रबर किंवा फोमची चटई अंथरायची, ती भिंतीलगत चारी बाजूंनी थोडी वर वळवायची, त्यावर कोबा आणि टाइल. म्हणजे फरशी स्लॅबवर तरंगती राहते. फक्त एक पथ्य असतं, कुठेही सिमेंट चटईच्या कडेने खाली गळून स्लॅबला चिकटता कामा नये, स्कर्टिंगसुद्धा टाइलवर टेकवायची नाही, मधे बारीक फट ठेवून सिलिकॉन भरायचा. मी एका साईटवर पाहिलंय, चटई सगळीकडे व्यवस्थित होती आणि एका खोलीत स्कर्टिंगवाल्याने माल दाबून भरला, त्या एका खोलीचा आवाज खाली तसाच्या तसा. हेच काम नुसत्या काँक्रीटने करायला गेलात तर स्लॅबची जाडी दुप्पट करावी लागेल, तेव्हा कुठे १० डेसिबलच्या आसपास फरक पडेल, म्हणजे कानाला साधारण निम्मं. कोण करणार? आणि चटईचा खर्च एकूण फ्लॅटच्या मानाने किरकोळ असतो तरी ती टाकत नाहीत, कारण सँपल फ्लॅट बघायला येणाऱ्याला ती दिसत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या पहाटेच्या ठक् बद्दल. तुम्ही लिहिलंय "ठक्, मग थोडा वेळ काही नाही, परत ठक्". खलबत्त्यात कोणी असं कुटत नाही हो, कुटायला बसलं की ठकठकठक सलग चालतं. मला शंका वेगळीच आहे. तुमच्या वरच्या मजल्यांना गच्चीवर प्रेशर पंप आहे का? टाकी जवळ असल्याने वरच्या तीन-चार मजल्यांना नुसत्या उतारावर प्रेशर मिळत नाही, म्हणून बसवतात. असेल तर दोन-तीन दिवस वहीत ठक् ची वेळ मिनिटासकट लिहा. आणि स्टीलचा पेला भिंतीला उपडा लावून त्याला कान लावा, आधी बेडरूमच्या मधल्या भिंतीला, मग बाथरूमच्या डक्टच्या, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या, भिंतीला. कुठे जास्त ऐकू येतो ते सांगा. काँक्रीटमधून आलेल्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही, वरून आला असं वाटतं कारण थरथरणाऱ्या भागांत छत सगळ्यात मोठं.

कासारवाडीकर

मी फक्त ट्रकबद्दल लिहितो, कारण तो भोग मी स्वतः भोगलाय. आमच्या एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला जुना हायवे.

आधी वरचा मजला शांत असतो हा समज काढून टाका. रस्ता म्हणजे आवाजाची लांबच लांब रेघ असते, अंतर दुप्पट झालं तर ३ डेसिबल कमी होतात, बस. रस्ता तुमच्यापासून आडवा ४० मीटर धरा, एकोणिसावा मजला ५७ मीटरच्या आसपास उंच, तिरकं अंतर होतं ७० मीटर. फरक किती, जेमतेम अडीच डेसिबल. उलट खालच्या मजल्यांना कंपाउंडची भिंत, झाडं नव्हे हां, भिंत, दुकानं, समोरची बिल्डिंग यांची आड मिळते, तुम्हाला सगळा रस्ता थेट दिसतो, आणि दिसतो तिथून ऐकू येतो.

खिडकी कसली आहे? अॅल्युमिनियमची सरकती असेल तर तिथेच घोळ आहे. सरकत्या खिडकीत झडप सरकायला जागा ठेवावीच लागते आणि तिथे नुसता ब्रश असतो. हिशोब करून बघा, दीड मीटर बाय १.२ मीटर खिडकी, घेर ५.४ मीटर, सगळीकडे २ मिलिमीटर फट धरली तर १०८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे भिंतीला तळहाताएवढं भोक पाडल्यासारखंच. खिडकीच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली तरी काच कितीही भारी लावा, २० डेसिबलच्या वर काही अडत नाही.

मी आधी चूक केली ती सांगतो म्हणजे तुमची टळेल. मी ६ मिलिमीटर काच, १२ ची पोकळी, परत ६ ची काच अशी डबल ग्लेझिंग केली, भरपूर पैसे गेले. हॉर्न कमी झाले, पण ट्रकचं आणि मालगाडीचं घुमणं तसंच, कधीकधी जास्तच वाटायचं. नंतर एका जाणकाराने समजावलं की दोन काचा आणि मधली हवा मिळून स्प्रिंगसारखं काम करतात, आणि या मापाला ती स्प्रिंग २०० हर्ट्झच्या आसपास झुलते, म्हणजे अवजड गाड्यांच्या घरघरीतच. डबल ग्लेझिंग उष्णतेसाठी चांगली, या आवाजासाठी ती पोकळी फार अरुंद.

मग जुनी खिडकी होती तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी खिडकी बसवली, यूपीव्हीसीची, सरकती नाही, दारासारखी उघडणारी, चारी बाजूंनी रबराची गॅस्केट आणि दाबून बसणारं हँडल. दोन खिडक्यांमध्ये १०० मिलिमीटर अंतर ठेवलं. एवढं अंतर केलं की ते झुलणं ७० हर्ट्झच्या आसपास खाली जातं, तिथे कान तसाही कमी ऐकतो. आतल्या खिडकीला लॅमिनेटेड काच घेतली, दोन पातळ काचांमध्ये चिकट पडदा असतो ती. साधी ६ ची काच २००० हर्ट्झच्या जवळपास स्वतःच थरथरून आवाज आत सोडते, लॅमिनेटेडमध्ये तो पडदा ती थरथर खातो. चौकट आणि भिंत यांच्यामधली जागा फोमने न भरता सिमेंटने भरून घ्या आणि वरून सिलिकॉन, इथे कारागीर हमखास फसवतात कारण फोमचा स्प्रे मारला की दोन मिनिटांत काम होतं. माझ्या घरात रात्रीची मालगाडी आता कळते, पण तिने जाग येत नाही.

एक लक्षात ठेवा, खिडकी एवढी घट्ट केली की हवा येणार नाही. वडिलांची तब्येत अशी आहे तर हवेची सोय आधी बघा, रस्त्याच्या मागच्या बाजूची खिडकी उघडी ठेवता आली तर उत्तम, किंवा वडिलांची खोलीच मागच्या बाजूला करा, याला काही खर्च नाही.

घुंगरूवाली_आई

मी वरच्या मजल्यावरची बाजू सांगते, कारण खालचे लोक आमच्याकडे चिडूनच येतात आणि आम्हाला खरंच कळत नसतं की खाली काय ऐकू येतंय. माझी मुलगी कथक शिकते, घरी रोज तासभर तत्कार. खालच्या आजी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी भांडण नाही केलं, मला हात धरून त्यांच्या घरी नेलं आणि म्हणाल्या बस इथे, ऐक. वर मुलगी नाचत होती. त्यांच्या शोकेसमधल्या काचेच्या बरण्या किणकिणत होत्या. मी रडकुंडीला आले खरंच, इतके महिने त्या हे सोसत होत्या.

मग आम्ही काय केलं, जिममध्ये टाकतात ते १५ मिलिमीटरचे रबर मॅट आणून कोपऱ्यात अंथरले, त्यावर १८ ची प्लायची फळी, फळी भिंतीला कुठेही टेकू दिली नाही. वर लिहिलंय ना तरंगती फरशी, तीच, फक्त सहा बाय सहाची. घुंगरांचा आवाज आमच्या घरात तेवढाच आहे पण खाली आजी म्हणतात आता बरण्या वाजत नाहीत. मधोमध नाचण्यापेक्षा कोपऱ्यात, बीमच्या जवळ नाचलं तर खाली कमी जातं हे पण आम्ही करून बघितलंय.

बाकी साध्या गोष्टी. खुर्च्यांच्या पायांना जाड नमद्याच्या टिकल्या, त्या दर दिवाळीला बदलायच्या कारण झिजून सपाट होतात. मिक्सरखाली रबराचा तुकडा. खलबत्त्याखाली चौघडी केलेलं गोणपाट आणि त्यावर पाट, ओट्यावर थेट कधीच नाही. माझी सासू नारळसुद्धा गोणपाटावरच्या पाट्यावर फोडते, ती चाळीत वाढलेली आहे, लाकडी पाटणीच्या घरात खालच्याला काय त्रास होतो ते तिला माहीत होतं. मुलांच्या पळायच्या वाटेवर जाड सतरंजी, खाली अजून एक जुनी गोधडी.

तुम्ही वर परत जा, पण वडिलांना घेऊन नाही, वेळ मागून जा, आणि त्यांना खाली बोलवा ऐकायला. ऐकवल्याशिवाय कुणाला पटत नाही.

सतीचा_चौक

फॉल्स सीलिंग मी केली आहे म्हणून लिहितोय. एक लाखाच्या वर गेले, वर ग्लासवूल भरली, खाली जिप्समचे दोन बोर्ड. कारागिराने नेहमीप्रमाणे पत्र्याचे अँगल स्लॅबला ठोकून बोर्ड कसून बसवला. फरक? पळायचा आवाज थोडा मऊ झाला, गेला नाही. नंतर कळलं की अँगल कडक असले तर थरथर त्यांच्यातूनच बोर्डात उतरते, रबराचे किंवा स्प्रिंगचे हँगर हवे होते. आणि ते लावले असते तरी जो आवाज भिंतींमधून खाली येतो तो आलाच असता, भिंतीवर हात ठेवला की मला धक्का जाणवतो. आमची उंची पण साडेनऊ फुटांवरून नऊवर आली. शेवटी वरच्यांनी लग्नानंतर हॉलभर कार्पेट घातलं तेव्हा जे झालं ते माझ्या लाखात झालं नाही.

नवीन_सेक्रेटरी

विषय थोडा वेगळा पण आवाजाचाच आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या सोसायटीचा हॉल नवीन झाला, १२ मीटर बाय ८, उंची ३, खाली व्हिट्रिफाइड टाइल, भिंती गुळगुळीत पुट्टी. पहिली सर्वसाधारण सभा झाली तर एक शब्द कळेना. माइक लावला तर अजूनच वाईट. मोठे स्पीकर घ्यायचे का? तिथे मग फोम लावून उपयोग नाही का?

नाशिकची_आर्किटेक्ट

इथे उपयोग आहे! तुमचा आजार आणि धागाकर्त्यांचा आजार वेगळा, औषध म्हणून वेगळं. त्यांना आवाज आत येऊ द्यायचा नाहीये, तुम्हाला आतला आवाज मरायला हवाय. स्पीकर मोठे घेऊ नका, घुमणाऱ्या हॉलमध्ये मोठा आवाज म्हणजे मोठं घुमणं.

याचं गणित सव्वाशे वर्षांपूर्वी झालंय. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं नवीन व्याख्यानगृह असंच निघालं, बोललेलं कळेना, आणि वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं बघ काय ते. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधून खुर्च्यांच्या गाद्या आणल्या, रात्री सगळं सामसूम झाल्यावर त्या हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, मग पहाटेपर्यंत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. रिकाम्या हॉलमध्ये साडेपाच सेकंदांच्या वर आवाज रेंगाळत होता. म्हणजे बोलणाऱ्याचं पुढचं वाक्य संपलं तरी पहिला शब्द हवेत. त्यातून त्याने साधं सूत्र काढलं, खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीत जितकं शोषण आहे ते. मला अजूनही हे सूत्र फार सुंदर वाटतं, कारण ते शाळकरी गणितात बसतं आणि खोटं बोलत नाही.

तुमचा हॉल टाकून बघू. घनफळ २८८ घनमीटर. जमीन, छत, भिंती मिळून ३१२ चौरस मीटर. टाइल आणि पुट्टी आवाजाचा फार तर ३ टक्के भाग खातात, म्हणजे शोषण ९.४. सूत्रात टाकलं की उत्तर येतं ४.९ सेकंद. माणसं, खुर्च्या, दारं-खिडक्या धरल्या तर थोडं कमी, तरी सभेला नालायकच. बोलणं कळायला एका सेकंदाच्या आत हवं. आता फक्त छताला, पूर्ण ९६ चौरस मीटरला, मिनरल फायबरच्या सच्छिद्र टाइल लावा ज्या ७० टक्के आवाज खातात. शोषण होतं जवळजवळ ७४, आणि वेळ येतो ०.६३ सेकंद. बस, झालं. साधी जिप्समची गुळगुळीत फॉल्स सीलिंग मात्र लावू नका, दिसायला सारखी पण शोषणाला जवळपास शून्य. समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर लाकडी पट्ट्या आणि मागे ग्लासवूल किंवा जाड पडदा दिला तर टाळीला जो खणखणाट येतो तोही जाईल. अंड्यांचे ट्रे कोणी सुचवतील, ते आग लागायचं साधन आहे, लावू नका. फोमचंही तेच, सार्वजनिक हॉलमध्ये आगीचं सर्टिफिकेट असल्याशिवाय फोम नको.

नरिमन पॉइंटला टाटा थिएटरमध्ये कधी बसला असाल तर माइकशिवाय सतार शेवटच्या रांगेत कशी येते ते ऐकलं असेल. १९८० साली ते सुरू झालं आणि सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाने वास्तुकाराच्या जोडीला बसून त्याचा आकार ठरवला होता. आपल्याकडे मंगल कार्यालयापासून शाळेच्या वर्गापर्यंत आवाजाचा विचार सगळं बांधून झाल्यावर होतो. शाळेचं मला जास्त लागतं, चाळीस मुलांच्या घुमणाऱ्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाईंचे निम्मे शब्द कळत नाहीत आणि शेरा मिळतो "लक्ष नसते".

एकोणिसावा_मजला

सगळ्यांचे खूप आभार. फोमवाल्याला नको म्हणून कळवलं. पेला लावून ऐकलं. साईटवाले दादा, मधल्या भिंतीला आवाज आहे पण बाथरूमच्या डक्टच्या भिंतीला पेला लावला तर कानात खिळा ठोकल्यासारखा. वेळा पण लिहिल्या आहेत, ५.३४, ५.३८, ५.४१, ५.४५, मग सहानंतर दर दोन मिनिटांनी. आणि हो, गच्चीवर वरच्या चार मजल्यांसाठी प्रेशर पंप आहे.

एक विचारायचं राहिलं, कायद्यात याला काही आहे का? बिल्डरला धरता येईल का?

साईटवरचा_माणूस

तेच आहे मग. सहानंतर लोक उठतात, नळ चालू होतात, म्हणून अंतर कमी होतं. पंप थांबला की पाइपातलं प्रेशरचं पाणी मागे यायला बघतं आणि एनआरव्हीची, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी, झडप आपटून बंद होते, तो ठोका पाइपातून क्लॅम्पमध्ये आणि क्लॅम्पमधून काँक्रीटमध्ये. एवढ्या लवकर लवकर पंप चालू-बंद होतोय म्हणजे प्रेशर टाकीतली हवा कमी झाली असणार, प्लंबरला आधी ती तपासायला सांगा, रिकामी करून हवा भरायला सायकलचा मोठा पंपही चालतो. मग झडपेच्या जागी स्प्रिंगचा एनआरव्ही, तो आपटत नाही. पंपाखाली रबराचे पाय, पंप आणि पाइप यांच्यामध्ये रबराची लवचिक बेलो (थरथर पुढे जाऊ न देणारा जोड), आणि डक्टमधल्या क्लॅम्पना रबराची पट्टी, निदान तुमच्या वरच्या-खालच्या मजल्यांवर तरी.

कायद्याचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल मर्यादा आहे, पण ती बाहेरच्या परिसरातल्या आवाजाची. भिंत-स्लॅब कशी असावी ते राष्ट्रीय इमारत संहितेत २०१६ च्या आवृत्तीत आठव्या भागात आहे, आवाजावर अख्खा विभाग आहे. ताबा देताना कोणी मशीन लावून ते मोजलं असं मी माझ्या एकाही साईटवर पाहिलेलं नाही. नवीन घर घेणाऱ्यांनी निदान विचारायला तरी सुरुवात करा, फरशीखाली चटई आहे का म्हणून. दहा जणांनी विचारलं तर अकराव्या साईटला ती येईल.

एकोणिसावा_मजला

उशिरा लिहितोय, महिना झाला. शेवट काय झाला ते सांगायला हवं.

मी रविवारी वर गेलो, आधी मागच्या वेळच्या बोलण्याची माफी मागितली आणि वहीतल्या वेळा दाखवल्या. काकू आतून त्यांच्या मिस्टरांना घेऊन आल्या. ते म्हणाले, अहो हा ठक् आम्हाला पण येतो, आम्ही समजत होतो तुम्ही खाली पहाटे काहीतरी कुटता. आठ महिने आम्ही दोघं एकमेकांवर राग धरून एकाच आवाजाने उठत होतो. मग आम्ही दोघं मिळूनच सेक्रेटरीकडे गेलो, सोमवारी पहाटे साडेपाचला प्लंबरसोबत गच्चीवर उभे राहिलो. पंप थांबला आणि पायाखाली ठक् झालं. टाकीत हवा नावालाही नव्हती. हवा भरली तेवढ्यानेच वीस मिनिटांत एकदा असं अंतर झालं, पुढच्या आठवड्यात स्प्रिंगचा एनआरव्ही आणि रबराची बेलो बसवली, क्लॅम्पचं काम अजून बाकी आहे. खर्च सोसायटीने केला.

मुलांच्या पळायच्या वाटेवर काकूंनी स्वतःहून जाड सतरंजी टाकली. खाली येऊन ऐकून गेल्या, त्यांच्या नातवाला वर पळायला लावून. अजून धप्धप् येतं पण टाचेचा तो कडक ठोका गेलाय, आणि साडेनऊला ते बंद होतं. खिडकीचं कासारवाडीकरांनी सांगितलं तसं करणार आहे, सध्या वडिलांची खोली मागच्या बाजूला हलवली आहे. काल ते पावणेसातला उठले. मी चहा ठेवला होता, दोनदा गरम करावा लागला.